तीस हजारांची न घेतलेली पावती

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईकडे मोहल्ल्यातले सगळे मराठी अर्ज येतात. रेशनकार्डातले चुकलेले नाव, जन्मदाखला, वीजबिलाची तक्रार. मागच्या महिन्यात पालकसभा संपली आणि सहावीतल्या एका मुलीची आई मागे थांबली. पर्समधून घडी घातलेला कोरा कागद काढून म्हणाली, "टीचर, घरमालक डिपॉझिट परत देत नाही. घर सोडून चार महिने झाले. ४०,००० रुपये आहेत. पोलीस चौकीत द्यायला एक अर्ज लिहून द्या."

मी विचारले, "पावती आहे?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "ओळखीचे आहेत ना, टीचर. पावती कशी मागायची?"

मी तिला काहीच बोलू शकले नाही. कारण हेच वाक्य काही वर्षांपूर्वी मी माझ्या शौहरना म्हटले होते. तिला अर्ज लिहून दिला, पण पोलिसांसाठी नाही. कोणासाठी, ते पुढे सांगते. आधी आमची हकीकत.

पुण्यात कोंढव्याला आम्ही सहा वर्षे एका घरात भाड्याने राहिलो. घरमालक माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचे, एकाच मशिदीतले नमाजी. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्याआधी दोन-तीन सोसायट्यांत आमची नावे ऐकून लोकांनी "घर गेलं" असे सांगितले होते. त्यामुळे चाचांनी होकार दिला तेव्हा इतके हायसे वाटले की कागदाचा विषय काढणेच कृतघ्नपणाचे वाटले. आपल्यातल्या अनेक घरांत हेच होत असावे. घर मिळणे हाच उपकार वाटतो, आणि उपकार करणाऱ्याकडे पावती मागवत नाही.

तरी एक करार झाला. स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर, ११ महिन्यांचा. तो माझ्या नावावर होता, कारण पगाराची स्लिप माझ्याकडे होती. शौहर एसी दुरुस्तीची कामे करतात, त्यांची कमाई हंगामी. अनामत ५०,००० रुपये बँकेतून दिली. ११ महिने संपले, नवा करार कोणीच केला नाही. तिसऱ्या वर्षी भाडे ९,००० चे ११,००० झाले आणि चाचांनी आणखी ३०,००० अनामत मागितली. ती आम्ही भिशीच्या पैशांतून रोख दिली. चाचीने चहा केला, चाचांनी नोटा मोजून कपाटात ठेवल्या. पावतीचा विचार माझ्या मनात आला होता, हे मी कबूल करते. पण तो ओठांवर आला नाही.

मग फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही ते घर सोडले. शाळेजवळ घर मिळाले होते. एक महिना आधी सांगितले होते, वीजबिल भरले होते, किल्ली चाचांच्या हातात दिली होती. नव्या घराची अनामत ७०,००० होती. ती नणंदेकडून उसनी घेतली. "चाचांचे पैसे आले की आठवडाभरात देते, आपा," असे सांगून.

चाचा म्हणाले, "नवा भाडेकरू आला की देतो." मार्चमध्ये त्या घराच्या खिडकीत नवे पडदे दिसले. मग म्हणाले, "आता रमजान आहे, ईदनंतर बघू." ईद झाली. "बकरी ईदनंतर नक्की." त्यानंतर फोन उचलणे बंद झाले. मेसेजवर निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचे नाही. शौहर सांगायचे की जुमाच्या नमाजनंतर चाचा आता दुसऱ्या दरवाजाने निघून जातात.

जूनमध्ये नणंदेच्या मुलाची डिप्लोमाची प्रवेशफी भरायची होती. आपांनी एकदाही पैशांचा विषय काढला नाही. ते मला जास्त लागले. तेव्हा कळले की मीसुद्धा एका दरवाजाने आत येऊन दुसऱ्या दरवाजाने बाहेर पडणारी कर्जदार झाले आहे. चाचांकडे मागायची मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेची किंमत माझी नणंद मोजत होती. आपला हक्क मागताना आपण फक्त आपल्यासाठी मागत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आले.

शौहर आधी पोलीस चौकीत जाऊन आले. तिथे सांगितले गेले की हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. मग मी सुट्टीच्या दिवशी सगळे कागद एका फाईलमध्ये लावले. करार, ५०,००० ची नोंद असलेले पासबुक, दर महिन्याचे भाडे, शेवटचे वीजबिल, घर सोडताना मोबाईलवर काढलेले रिकाम्या खोल्यांचे फोटो, आणि चाचांचा "ईदनंतर बघू" हा मेसेज. ३०,००० च्या जागी फाईलमध्ये काहीच नव्हते. माझ्या हिशेबाच्या वहीत एक ओळ होती, पण ती माझीच वही.

फाईल घेऊन मी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. इथे बहिणींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि त्याला तिच्या उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणाऱ्या बाईलाही तो आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात हे प्राधिकरण आणि तालुक्याला समिती असते. १५१०० हा त्यांचा देशभरचा मदत क्रमांक. मला हे माहीत नव्हते. मी वकिलाच्या फीच्या भीतीने चार महिने घालवले होते.

तिथल्या वकीलबाईंनी करार पाहिला आणि विचारले, "हा नोंदवलेला नाही?" मी म्हटले, "११ महिन्यांचाच होता, मॅडम. त्याला नोंदणी लागत नाही ना?" त्या हसल्या. हा गैरसमज महाराष्ट्रात घरोघरी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने देण्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. मग तो ११ महिन्यांचा असो की ३ वर्षांचा. लिव्ह अँड लायसन्सलाही हेच लागू आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि नोंदणी नसताना वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

वकीलबाईंनी नोटिशीचा मसुदा केला. त्यात नेहमीच्या सवयीने उशिरासाठी १८ टक्के व्याज लिहिले होते. मी ती ओळ काढायला सांगितली. "तुमचा हक्क बनतो," त्या म्हणाल्या. मी म्हटले, "माझे मूळ पैसे मिळाले की पुरे." त्यांनी काही न बोलता ओळ खोडली.

नोटीस पोहोचली तशी दुसऱ्या दिवशी चाचांचा मुलगा दारात. "अब्बांना वकिलाची नोटीस पाठवली? एवढी वर्षं घरच्यासारखे राहिलात!" मी त्याला पाणी दिले आणि एवढेच म्हटले, "बेटा, फोन उचलला असता तर कागद पाठवावा लागला नसता."

प्राधिकरणाने आमचा विषय दाव्याआधीच समेटासाठी घेतला. दोन्ही पक्षांना बोलावले. टेबलाच्या एका बाजूला मी आणि शौहर, दुसऱ्या बाजूला चाचा आणि त्यांचा मुलगा. मुलगा ठामपणे म्हणाला, "अब्बांच्या खात्यात ५०,०००च आले आहेत. ८०,००० कुठून आले, आम्हाला माहीत नाही."

माझ्या पोटात गोळा आला. मी हिशेबाची वही पुढे सरकवली, पण ती किती तोकडी आहे ते मलाच दिसत होते.

तेव्हा चाचा, मान खाली घालून, मुलाला म्हणाले, "तीस मी रोख घेतले होते. तुझ्या अम्मीसमोर."

मग बाकीचे बाहेर आले. जानेवारीत त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. आमची अनामत कधीच खर्च होऊन गेली होती, आणि नव्या भाडेकरूची अनामत दवाखान्याची उधारी फेडण्यात गेली. आमचा फोन वाजला की त्यांना लाज वाटायची, म्हणून उचलत नव्हते. आम्हाला मागायची लाज, त्यांना "नाही" म्हणायची लाज. चार महिने दोन्हीकडच्या लाजेने घालवले.

रंगकामाचे ५,००० आणि आमच्याकडून फुटलेल्या बेसिनचे ३,००० वजा करून ७२,००० वर समझोता झाला. २४,००० चे तीन हप्ते, बँकेतून. तो समझोता लोकअदालतीत नोंदवला गेला. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते आणि त्यावर अपील नसते. शेवटचा हप्ता बारा दिवस उशिरा आला, पण आला. तिन्ही वेळा पैसे खात्यात आले तसे त्याच दिवशी मी आपांच्या खात्यात पाठवले. 

चाचांशी आता सलाम होतो. पूर्वीसारखे येणे-जाणे नाही, ते खोटे कशाला सांगू.

पण मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. जानेवारीत त्या ऑपरेशन टेबलावर चाचांचे काही बरे-वाईट झाले असते तर? त्यांच्या मुलाने आमचे ३०,००० नाकारले असते, आणि तो खोटे बोलत नसता. त्याला खरेच माहीत नव्हते. आम्ही त्याला आयुष्यभर लबाड म्हटले असते, त्याने आम्हाला. आणि चाचांच्या डोक्यावर एक कर्ज राहिले असते, जे फेडायला कोणीच उरले नसते. मयताच्या मालमत्तेची वारसांत वाटणी करण्याआधी त्याचे कर्ज फेडावे लागते, हे आपण सगळे जाणतो. पण जे लिहिलेच नाही ते वारसांनी फेडायचे कसे?

कुरआनमधली सर्वांत मोठी आयत कोणत्या विषयावर आहे, हे मी वर्गात मुलांना अनेकदा विचारले आहे. सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर. इतकी वर्षे ती शिकवताना मला वाटायचे की लिहायचे ते अनोळखी माणसाशी, जिथे भरवसा नाही तिथे. आता कळते, लिहायचे ते माणूस लबाड आहे म्हणून नव्हे. माणूस विसरतो, आजारी पडतो, मरतो म्हणून. ज्याच्यावर आपला भरवसा आहे, त्याच्यासाठीच आधी लिहावे. पावती चाचांच्या विरोधात नव्हती, ती त्यांच्या बाजूची होती.

आता कामाच्या गोष्टी, ज्या मी त्या मुलीच्या आईलाही सांगितल्या.

घर घेताना करार नोंदवूनच घ्यावा. खर्च ऐकून लोक घाबरतात, पण तो फारसा नाही. महिना १२,००० भाडे, ८०,००० अनामत आणि ११ महिने धरा. स्टॅम्प ड्युटी एकूण भाडे आणि अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेली रक्कम, या दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे साडेतीनशे ते चारशे रुपये. नोंदणी फी महापालिका-नगरपालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. एजंट लावला तर त्याचे वेगळे. हे काम आता ऑनलाईनही होते. ८०,००० वाचवायला हा खर्च जड नाही.

करारात अनामतीचा आकडा, ती कशी दिली आणि परत कधी द्यायची हे स्पष्ट लिहावे. "ताबा देतेवेळी त्याच दिवशी अनामत परत" ही ओळ सर्वांत महत्त्वाची. वजावट कशाकशाची होणार तेही लिहावे. वापराने भिंतीचा रंग फिका पडणे वेगळे आणि बेसिन फोडणे वेगळे. नंतर रक्कम वाढवली तर तिचीही पावती घ्यावी. शक्यतो रोख देऊच नये. भाडे न घेता पाच-सात लाख 'हेवी डिपॉझिट' घेण्याची पद्धत आपल्या वस्त्यांत आहे. तिथे धोका तितक्या पटीने मोठा, शिवाय तो व्यवहार व्याजाजवळ जातो का, हेही आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

घर सोडताना रिकाम्या घराचे फोटो काढावेत, वीजबिल भरून त्याची प्रत ठेवावी, किल्ली दिल्याचे दोन ओळी लिहून सही घ्यावी. निदान "आज किल्ली दिली" असा मेसेज पाठवून उत्तर घ्यावे. काही जण अनामत वसूल करायला शेवटच्या महिन्यांचे भाडेच थांबवतात. मालक लेखी कबूल असेल तरच हे करावे. आणि "पैसे दे, मगच घर सोडतो" म्हणून मुदतीनंतर बसून राहू नये. लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडल्यास दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागू शकते, असे याच कायद्याचे कलम २४ सांगते.

पैसे अडकले तर आधी प्रेमाने मागावे, पण एक-दोनदाच. मग लिहून मागावे. कोणती जागा, कधीपासून कधीपर्यंत राहिलो, किती अनामत कोणत्या तारखेला कशी दिली, किल्ली कधी कोणाला दिली, कोणते बिल भरले, आणि १५ दिवसांत कोणत्या बँक खात्यात पैसे जमा करावेत. एवढेच, एका पानात. रागाचा एकही शब्द नको. पत्र पोस्टाने पोहोचपावतीसह पाठवावे, एक प्रत आपल्याकडे ठेवावी. उत्तर आले नाही तर विधी सेवा प्राधिकरणात जावे. समेट झाला नाही किंवा समोरचा आलाच नाही, तर दिवाणी दावा करता येतो. त्यासाठी रक्कम देय झाल्यापासून साधारण ३ वर्षांची मुदत असते, म्हणून "बघू, देईल कधीतरी" म्हणत वर्षे घालवू नयेत.

समोरचा खरोखर अडचणीत असेल तर त्याला मुदत द्यावी, ही आपल्याला शिकवण आहेच. पण मुदत तारखेसह लिहून द्यावी. आणि ऐपत असून देणे लांबवत राहण्याला हदीसमध्ये जुलूम म्हटले आहे, हेही घरमालकांनी विसरू नये.

घरमालक म्हणताना माझा आवाज जरा खाली येतो. मिरजेला आमच्या अम्मी मागची खोली नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना देतात. चाचांच्या प्रकरणानंतर पहिल्या सुट्टीत गेले तेव्हा विचारले, "अम्मी, मुलींकडून डिपॉझिट घेतलंय?"

"घेतलंय ना. दोघींचे दहा-दहा हजार."

"कुठे आहेत?"

अम्मींनी वर बोट केले. पावसाळ्याआधी छपराचे पत्रे बदलले होते, त्यात गेले.

"लिहून ठेवलंय कुठे?"

"माझ्या लक्षात आहे की."

अम्मी ७४ वर्षांच्या आहेत. मी त्याच दिवशी भावाला फोन केला. दोघांनी दहा-दहा हजार काढून अम्मींच्या नावे वेगळ्या खात्यात ठेवले आणि त्याला हात लावायचा नाही असे ठरले. दोन्ही मुलींना बोलावून अम्मींच्या सहीच्या पावत्या दिल्या. एक मुलगी म्हणाली, "राहू द्या ना, आजी. आमचा विश्वास आहे तुमच्यावर." अम्मी म्हणाल्या, "म्हणूनच घे."

त्या सहावीतल्या मुलीच्या आईसाठी मी जो अर्ज लिहिला तो घरमालकाला होता. एक पान, सहा मुद्दे, खाली तिची सही. लिहून झाल्यावर तिने तो दोनदा वाचला आणि विचारले, "यात काही वाईट नाही ना, टीचर? त्यांना राग नाही ना येणार?"

मी म्हटले, "राग येईल कदाचित. पण यातला प्रत्येक शब्द खरा आहे ना?"

तिने मान हलवली आणि कागद जपून पर्समध्ये ठेवला. परवा तिची मुलगी वर्गात येऊन म्हणाली, "टीचर, अम्मीने सांगितलंय, पोस्टाची पावती सांभाळून ठेवली आहे."